मोटारीचा जीर्णोद्धार

जुनें यंत्र मोडीचें धन, अशी आपली सामान्य समजूत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचा इतिहास मात्र निराळें सांगतो. १९०८ पासून १९२७ पर्यंत अशा दीड कोटींवर गाड्या निघाल्या. ग्राहकांत अमेरिकेंतील शेतकरी पुष्कळ; त्यांना घरींच दुरुस्ती करतां यावी, अशी तिची साधी रचना होती. सिलिंडरांवरील झांकण सोडवितां येतें. पेट्रोल स्वतःच्या भारानेंच खालीं उतरतें, त्यास पंप लागत नाहीं. एका गाडीचे सुटे भाग बहुधा दुसरीस बसतात. म्हणूनच आजहि एखादा हौशी गृहस्थ टाकींतला गंज काढून, कार्ब्युरेटर धुऊन, ठिणगी नीट पडते कीं नाहीं हें पाहून तिला पुनः चालती करूं शकतो.

खरी कसोटी रंगाच्या वेळीं लागते. १९१४ ते १९२५ च्या सुमारास ही गाडी केवळ काळ्या रंगांत मिळे, आणि तो रंगहि कारखान्यांत भराभर चढविलेला असे. तिला नववधूसारखी नटविली तर डोळे सुखावतील, पण त्या काळाची साक्ष पुसली जाईल. गंज थांबवावा, मोडलें तें जोडावें. परंतु जुना रंग जेथें टिकला असेल तेथें तो तसाच राखावा. पहिल्या धन्याच्या हातांची खूण त्यांतच उरलेली असते.