घाट चढणारे ऊन पाणी : जपानच्या ‘तोरेइयू त्सुबासा’ गाडीमागचा इतिहास

दोन तासांहून थोडा अधिक प्रवास आणि त्यातील पंधरा मिनिटे पाय ऊन पाण्यात. खिडकीच्या दिशेने तोंड करून प्रवासी बसलेले, समोरून भातखाचरे आणि चेरीच्या बागा सरकत आहेत, आणि घोट्यापर्यंतचे पाणी रुळांच्या वळणांबरोबर हलके हिंदकळते आहे. १९ जुलै २०१४ ते ६ मार्च २०२२ या काळात जपानच्या ईशान्येकडील फुकुशिमा आणि शिंजो या स्थानकांदरम्यान अशी एक गाडी खरोखर धावत होती. तिचे नाव ‘तोरेइयू त्सुबासा’. तिच्या पाण्याखाली दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो दिसतो तितका उबदार नाही. (थ्रेड)

प्रथम गाडीविषयी. सहा डब्यांची ही गाडी मुळात अकिता मार्गावरील शिनकान्सेन होती. तेथे नवे डबे आल्यावर जुन्यांपैकी एक संच यामागाता प्रांतासाठी नव्याने सजवण्यात आला. सजावट केली कियोयुकी ओकुयामा यांनी, जे स्वतः यामागाताचे सुपुत्र. मधल्या डब्यांत ततामी चटयांची बैठक, पंधराव्या डब्यात स्नानोत्तर विसाव्याची जागा आणि सोळाव्या डब्यात ‘आशियु’, म्हणजे केवळ पाय बुडवण्याचे कुंड. अशी दोन कुंडे होती. ‘तोरेइयू’ हे नाव इंग्रजी ‘ट्रेन’ आणि फ्रेंच ‘सोलेइ’ (सूर्य) यांच्या जोडाने घडवलेले. पण जपानी कानाला त्यातील ‘यू’ ऐकताच ऊन पाणी आठवावे, यात नवल नाही. कारण त्या भाषेत ‘यु’ म्हणजे ऊन पाणीच.

गंमत अशी की कुंडातले पाणी नैसर्गिक झऱ्याचे नव्हते. साधे पाणी तापवलेले होते. जपानमध्ये हा भेद क्षुल्लक मानला जात नाही. १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून निघणाऱ्या पाण्याला ‘ओन्सेन’ म्हणायचे तर ते उगमापाशी किमान २५ अंश सेल्सियस असावे लागते, किंवा त्यात ठरवून दिलेल्या एकोणीस घटकांपैकी किमान एक तरी पुरेशा प्रमाणात असावा लागतो. म्हणजे ज्या प्रांतातील पस्तीसच्या पस्तीस नगरपालिका व गावांत ओन्सेन आहे, त्याच प्रांतातील ओन्सेन-गाडीत मात्र ओन्सेन नव्हते.

आता थोडे मागे जाऊ.

इदो काळात (१६०३ ते १८६८) सामान्य शेतकऱ्याला मनास येईल तेथे जाण्याची मुभा नव्हती. नाक्यांवर परवाना दाखवावा लागे. परंतु दोन कारणे सहसा मान्य होत : तीर्थयात्रा आणि ‘तोजी’, म्हणजे ऊन झऱ्यांवर राहून घेतलेला उपचार. शेतीची कामे उरकली की कुटुंबे तांदूळ आणि मिसो बांधून घेऊन झऱ्यांवर जात, भाड्याच्या खोलीत स्वतः रांधत आणि सात दिवसांचे एकेक आवर्तन याप्रमाणे दोन-तीन आवर्तने मुक्काम करीत. त्या प्रवासात चैन नव्हती, तशी घाईही नव्हती. वर्षभर वाकलेल्या पाठीला मिळणारी ती एकमेव हक्काची रजा होती.

याच मार्गावरील कामिनोयामा गावाची आख्यायिका या संदर्भात मोठी बोलकी आहे. १४५८ साली गेश्शू नावाच्या भिक्षूला एक जखमी क्रौंच पक्षी तळ्याच्या ऊन पाण्यात पाय बुडवून बसलेला दिसला. काही दिवसांत बरा होऊन तो उडून गेला, आणि त्यावरून झऱ्याचा शोध लागला. आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. तरीही या पट्ट्यातील पहिला आशियु एका पक्ष्याने घेतला, असे म्हणायला हरकत नसावी. १६२९ मध्ये शोगुन सत्तेशी झालेल्या वादातून ताकुआन हा झेन भिक्षू हद्दपार होऊन आला तोही येथेच. आणि १८७८ मध्ये इझाबेला बर्ड ही ब्रिटिश प्रवासिनी घोड्यावरून येथून गेली तेव्हा योनेझावाच्या मैदानाने ती इतकी भारावली, की तिने त्याची तुलना ग्रीकांच्या आर्केडियाशी केली. ती तुलना यामागाताची पर्यटन पत्रके आजही विसरलेली नाहीत.

बर्ड बाईंच्या आधी दोनच वर्षे, १८७६ मध्ये, नव्या यामागाता प्रांताचा पहिला प्रांताधिकारी म्हणून मिशिमा मिचित्सुने आला होता. हा सात्सुमाचा माणूस, मेइजी सरकारच्या विश्वासातला. रस्ते, पूल आणि बोगदे हे त्याचे वेड. योनेझावाहून डोंगर भेदून फुकुशिमाला जाणारा रस्ता त्याने बांधायला घेतला. कुरिको येथील सुमारे ८७० मीटरचा बोगदा त्या काळी जपानमधील सर्वांत लांब बोगद्यांत गणला गेला. १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द मेइजी सम्राट उद्घाटनाला आला, आणि पुढे त्याने रस्त्याला नाव दिले ‘बान्सेइ ताइरो’, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा राजमार्ग.

हे रस्ते सरकारी तिजोरीतून झाले असते तर गोष्ट सोपी होती. ते झाले बहुतांशी लोकांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून. १८८२ मध्ये मिशिमा शेजारच्या फुकुशिमा प्रांताचाही प्रमुख झाला, तेव्हा आइझू भागातील रस्त्यांसाठी त्याने फर्मान काढले : पंधरा ते साठ वयाच्या प्रत्येकाने, स्त्री असो वा पुरुष, दोन वर्षे महिन्यातून एक दिवस कामावर यावे, नाहीतर पैसे भरावेत. आपल्याकडची वेठबिगार ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको. शेतकऱ्यांनी विरोध केला, धरपकड झाली, आणि प्रांतिक सभेचा अध्यक्ष कोनो हिरोनाका याच्यासह उदारमतवादी नेत्यांना तुरुंगात टाकण्यात आले. जपानच्या नागरी हक्क चळवळीच्या इतिहासात हे ‘फुकुशिमा प्रकरण’ म्हणून नोंदले गेले. मिशिमाला लोकांनी दिलेल्या उपाधीत ‘ओनी’ म्हणजे राक्षस हा शब्द आहे. पुढे तो तोक्योच्या पोलिसांचा सर्वोच्च अधिकारी झाला, हेही नमूद केले पाहिजे.

आणि तो पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग? १८ वर्षे. मे १८९९ मध्ये फुकुशिमा ते योनेझावा रेल्वे सुरू झाली आणि वाहतूक तिकडे वळली.

रेल्वेने मात्र कुरिको सोडून इतायाची खिंड निवडली. येथे चढ हजार मीटरला जवळजवळ ३८ मीटर इतका, म्हणजे साधारण २६ ला १. आपल्या बोरघाटातील ३७ ला १ हा चढ ज्यांना अवघड वाटतो, त्यांनी यावरून कल्पना करावी. एवढ्या चढावर थांबलेले वाफेचे इंजिन पुन्हा जागचे हलत नसे. म्हणून आकाइवा, इताया, तोगे आणि ओसावा ही ओळीने चार स्थानके मुख्य मार्गापासून बाजूला सपाट फाट्यावर बांधली गेली. गाडी आत शिरायची, मग उलटी जाऊन पुन्हा चढाला लागायची. खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची आठवण व्हावी असा हा खटाटोप, फक्त एकाऐवजी चार वेळा आणि वर पुरुषभर बर्फ. बोगद्यांतील धुराने इंजिनचालक गुदमरत. वीज आली ती १९४९ मध्ये.

तोगे म्हणजेच खिंड. या स्थानकावर गाडी बराच वेळ खोळंबे, म्हणून मेइजी काळापासून तेथे फलाटावर ‘चिकारामोची’ विकली जाऊ लागली. चिकारा म्हणजे बळ. आत गोड सारण भरलेला हा तांदळाचा गोळा गळ्यात अडकवलेल्या पेटीतून विकणारे विक्रेते घाटाची ओळखच बनले.

पुढची उडी शंभर वर्षांची. १९८७ मध्ये सुमारे ३७ लाख कोटी येनच्या कर्जाखाली दबलेल्या जपानी राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे करून खासगीकरण झाले, आणि ईशान्येकडील मार्ग जेआर ईस्ट कंपनीकडे आले. यामागाताला वेगवान गाडी हवी होती. परंतु स्वतंत्र शिनकान्सेन मार्गाचा खर्च परवडणारा नव्हता. तोडगा निघाला तो असा : जुन्याच मार्गावरील १०६७ मिलिमीटरचे रूळ रुंदावून १४३५ मिलिमीटर करायचे, म्हणजे तोक्योहून येणारी गाडी थेट आत येईल. घाटातील चारही उलट-सुलट वळणे काढली गेली. १ जुलै १९९२ रोजी यामागाता शिनकान्सेन सुरू झाली आणि ४ डिसेंबर १९९९ रोजी शिंजोपर्यंत पोचली. जुन्या मार्गावर तिचा वेग १३० किलोमीटरच, म्हणून तिला ‘मिनी-शिनकान्सेन’ म्हणतात.

याच सुमारास स्थानकांची नावेही बदलू लागली. नुकानोमे हे स्थानक ताकाहाता झाले आणि त्याच्या इमारतीतच सार्वजनिक स्नानगृह आले. कामिनोयामा हे कामिनोयामा ओन्सेन झाले. १९९९ मध्ये उघडलेल्या एका स्थानकाचे नाव तर साकुराम्बो हिगाशिने, अक्षरशः ‘चेरी हिगाशिने’. ‘नुका’ म्हणजे कोंडा. कोंड्याच्या नावाचे गाव पर्यटकाला कोण दाखवणार? नकाशा आता तेथे राहणाऱ्यांसाठी कमी आणि येणाऱ्यांसाठी अधिक लिहिला जात होता.

रूळ रुंदावल्याचा आणखी एक परिणाम झाला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. इतर मार्गांवरील अरुंद गाड्या आता या मार्गावर थेट येऊ शकेनात. योनेझावाहून पश्चिमेला जपानी समुद्राच्या दिशेने जाणारी योनेसाका शाखा अरुंदच राहिली. पूर्वी यामागाताहून तिच्यावरून निइगाताकडे थेट गाडी जात असे. १९९१ नंतर ती योनेझावालाच संपू लागली. तोक्यो जवळ आले आणि शेजारचा प्रांत दूर गेला.

तोरेइयू आली ती या पार्श्वभूमीवर. १९५० च्या जनगणनेत साडेतेरा लाखांवर असलेली यामागाताची लोकसंख्या २०२० मध्ये दहा लाख सत्तर हजारांच्या आसपास उरली होती. प्रवासी कमी होत असतील तर प्रवासच विकावा, हा विचार जपानी रेल्वेला नवा नव्हता. १९११ मध्ये इचिझो कोबायाशी याने आपल्या विद्युत रेल्वेच्या टोकाला ताकाराझुका येथे स्नानगृह बांधले, गर्दी व्हावी म्हणून मुलींचे गायन पथक जोडले, आणि त्यातून जगप्रसिद्ध ताकाराझुका नाट्यमंडळी जन्मली. त्याची रेल्वे नावाप्रमाणे आरिमाच्या झऱ्यांपर्यंत जायची होती. ती कधीच पोचली नाही. रेल्वेने झऱ्याकडे न्यावे, ही जुनी कल्पना. झराच रेल्वेत आणावा, ही एकविसाव्या शतकाची.

मात्र तोरेइयूविषयी न्यायाने बोलले पाहिजे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘शिकी-शिमा’ या आलिशान गाडीतही सुगंधी लाकडाचे स्नानपात्र आहे, पण ते सर्वांत महागड्या कक्षांपुरते, आणि त्या प्रवासाचे दर लाखो येनच्या घरात. तोरेइयूचे पायस्नान सुरुवातीला तिकिटाव्यतिरिक्त ३८० येनमध्ये मिळे, सोबत छोटा टॉवेल. शेजारी कोण बसेल ते ठरलेले नसे. पाय पाण्यात आणि गुडघ्याला गुडघा लागलेला, अशा स्थितीत अनोळखी माणसाशी न बोलणे कठीणच. तोजीच्या जुन्या सामायिक कुंडांचा एवढा अंश तरी त्या डब्यात उतरला होता, भले पाणी नळाचे का असेना.

सहा मार्च २०२२ रोजी गाडी शेवटची धावली. त्याच वर्षी जुलैअखेर जेआर ईस्टने आपल्या स्थानिक मार्गांचा तोटा प्रथमच मार्गनिहाय जाहीर केला, आणि काही दिवसांतच, ऑगस्टच्या आरंभी, अतिवृष्टीने योनेसाका शाखा ठिकठिकाणी वाहून गेली. इमाइझुमी ते साकामाची हा सुमारे ६८ किलोमीटरचा टप्पा बंद पडला आणि तेथे बस सुरू झाल्या. दुरुस्तीचा अंदाज सुमारे ८६० कोटी येन. तो कोणी सोसायचा यावर कंपनी आणि स्थानिक शासन यांच्यात वर्षानुवर्षे बैठका झडत राहिल्या. या शाखेवर रोज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला बसथांब्यावरचा बर्फ आला.

त्याच २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इताया खिंडीखालून सुमारे २३ किलोमीटरचा नवा बोगदा खणण्याविषयी कंपनी आणि यामागाता प्रांत यांच्यात करार झाला. अंदाजित खर्च सुमारे १५,००० कोटी येन, वाचणारा वेळ दहा मिनिटांहून थोडा अधिक. घाटातील पाऊस आणि बर्फ यांमुळे गाड्या वारंवार अडकतात, हे त्यामागचे कारण खरेच आहे, आणि ते नाकारता येणार नाही. पण दोन्ही आकडे एकाच वर्षात, एकाच जंक्शनाभोवती फिरत होते, हेही तितकेच खरे.

घाटातील आकाइवा स्थानक २०२१ मध्ये बंद झाले. मिशिमाच्या राजमार्गावर आता झाडी वाढली आहे. भग्न बोगद्याच्या तोंडापर्यंत हौशी गिर्यारोहक चालत जातात. तोगेच्या जुन्या हिमछताखाली दिवसाकाठी मोजक्या स्थानिक गाड्या क्षणभर थांबतात, आणि तेवढ्या क्षणात गळ्यातील पेटी सावरत चिकारामोचीचा विक्रेता अजूनही फलाटावर हाक देतो.