मंडपेश्वर येथील बंद पडलेली पाठशाळा

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं शाळा आणि शिक्षक यांचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. आमचें वाकोला ज्या साष्टी बेटांत वसलें आहे, त्याच बेटांत ख्रिस्ती मुलांसाठीं निघालेली एक जुनी पाठशाळा कशी उभी राहिली व कशी मिटली, हें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

बोरीवलीस मंडपेश्वर येथें शिवाचें प्राचीन कोरीव लेणें आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो यांनीं तेथें ख्रिस्तमंदिर केलें, आणि वरच्या बाजूस मठ व पाठशाळा उभारली. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेनें देवस्थानाचें उत्पन्न या संस्थेकडे वळविण्यांत आलें. एकाच्या पूजेचें धन काढून दुसऱ्याच्या विद्येस लावलें गेलें. हें सत्य झांकणें आम्हांस शोभणार नाहीं.

या शाळेच्या पटावर कोण होतें? याच बेटांतील नवख्रिस्ती कुटुंबांचीं मुलें. मुलें येथल्या मातीचीं, तर गुरुजन समुद्रापलीकडील संन्यासी. देशी तरुणांस त्या काळीं अशा युरोपीय संघांत सहसा प्रवेश नसे. त्यामुळें शिष्यानें शिकून पुढें गुरूच्या आसनावर बसावें, ही जी कोणत्याही पाठशाळेची खरी वाढ, तिचा मार्गच तेथें अरुंद होता. खर्चाचा आधार राजसत्तेचा व अध्यापनाचा भार परकीयांवर, अशी ती व्यवस्था होती.

१७३७ ते १७३९ या वर्षांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं साष्टी व वसई जिंकली. उत्पन्न थांबलें, युरोपीय संन्यासी निघून गेले, आणि पाठशाळा ओस पडली. मुलें मात्र कोठें जाणार? तीं आपापल्या गांवींच राहिलीं.

पुढें देशी धर्मगुरूंनीं या अनाथ झालेल्या समाजाचा भार उचलला. १७६० सालीं फ्रेंच विद्वान आंकेतिल द्यु पेराँ साष्टींतून गेला, तेव्हां मराठ्यांच्या अमलांत येथील ख्रिस्ती लोक उघडपणें उपासना करीत असलेले त्यास दिसले. मोठ्या इमारतीनें जें राखलें नाहीं, तें गांवच्या माणसांनीं राखलें.

आज तें लेणें पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. वर मठाच्या भग्न भिंती उभ्या आहेत, आणि खालीं लेण्यांत एका भिंतीवर कोरलेला क्रूस अद्याप दिसतो.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या शाळांचा विचार करतांना पटावरील संख्या आपण अवश्य मोजावी. त्याबरोबरच आपल्या मुलामुलींतून किती शिक्षक झाले, हेंही विचारावें. या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर देऊं शकणारा समाज, शाळेचें छप्पर गेलें तरी, विद्येस पारखा होत नाहीं.