द्विइंधनी इन्व्हर्टर जनरेटर निवडताना : आधी जागा, मग इंधन, शेवटी किलोवॅट

नवी दिल्ली : जुलै २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील दुर्गापूर येथे रात्री वीज गेल्याने घरातच जनरेटर सुरू ठेवून झोपलेल्या एकाच कुटुंबातील सहा जणांचा गुदमरून मृत्यू झाला होता. त्याच्या वर्षभर आधी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कोकणातील अनेक गावांना कित्येक आठवडे विजेविना काढावे लागले. ओडिशातील पुरी परिसराने मे २०१९ मध्ये फनी वादळानंतर आणि कोलकात्याने मे २०२० मध्ये अम्फाननंतर असाच अनुभव घेतला. घरगुती जनरेटरची गरज किती खरी आहे आणि त्याचा धोका किती मोठा आहे, हे या घटनांतून दिसते.

अलीकडे बाजारात पेट्रोल आणि एलपीजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारे छोटे इन्व्हर्टर जनरेटर उपलब्ध आहेत. घरातील पर्यायी विजेसाठी तसेच सहली व शिबिरांसाठी त्यांची जाहिरात केली जाते. खरेदी करताना ग्राहकाचे लक्ष सर्वप्रथम किलोवॅटच्या आकड्याकडे जाते. प्रत्यक्षात यंत्र ठेवायचे कोठे आणि त्यासाठी इंधन कायदेशीररीत्या मिळणार कसे, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळायला हवीत.

नावातील गोंधळ

भारतीय घरांत ‘इन्व्हर्टर’ म्हटले की बॅटरीवर चालणारे उपकरण डोळ्यांसमोर येते. इन्व्हर्टर जनरेटर हे त्याहून वेगळे यंत्र आहे. त्यात इंजिन असते आणि इंधन जाळूनच वीज तयार होते.

साध्या छोट्या जनरेटरमध्ये ५० हर्ट्झची वीज मिळवण्यासाठी इंजिनाला सतत मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांचा वेग राखावा लागतो, मग त्यावर एक दिवा चालत असो वा दहा. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये तयार झालेली वीज आधी एकदिश केली जाते आणि नंतर इलेक्ट्रॉनिक मंडलाद्वारे तिचे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या स्थिर प्रवाहात रूपांतर होते. त्यामुळे भार कमी असताना इंजिनाचा वेगही कमी ठेवता येतो. परिणामी इंधन वाचते, आवाज घटतो आणि संगणक, टीव्ही, वैद्यकीय उपकरणे यांना मानवणारी स्वच्छ वीज मिळते. परदेशातून यंत्र मागवणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. अमेरिकेतील घरगुती यंत्रे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेली असतात. ती भारतीय उपकरणांना चालत नाहीत.

जागा : पहिली आणि मुख्य अट

इंधन जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे झोपलेल्या माणसाला जाणवतही नाहीत. एका पोर्टेबल जनरेटरमधून शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडू शकतो, असे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचे म्हणणे आहे.

एलपीजी हे ‘स्वच्छ इंधन’ असल्याने गॅसवर चालणारे यंत्र घरात ठेवता येते, हा समज घातक आहे. एलपीजीच्या ज्वलनात काजळी कमी होते; कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातूनही निर्माण होतो. जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट दूर, उघड्यावर आणि धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावा, हा सर्वमान्य नियम आहे. बंद गॅरेज, जिना, बाल्कनी, पडवी, तळघर किंवा तंबूचा आडोसा यांपैकी कोणतीही जागा सुरक्षित नाही. खिडकी उघडी ठेवल्याने अथवा पंखा लावल्याने धोका टळत नाही.

या अटीमुळे शहरांतील सदनिकाधारकांसाठी हे यंत्र बहुधा बादच ठरते. त्यांना बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा लिथियम बॅटरीचे पोर्टेबल संच हाच योग्य पर्याय आहे. अंगण, परसदार किंवा मोकळे आवार असलेल्या घरांनीच जनरेटरचा विचार पुढे न्यावा. कार्बन मोनॉक्साइड वाढताच इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असलेल्या यंत्राला प्राधान्य द्यावे आणि झोपण्याच्या खोलीत या वायूचा स्वतंत्र अलार्म बसवावा.

इंधन : दोन पर्याय, दोन बंधने

पेट्रोल सहज मिळते, पण साठवणीत टिकत नाही. काही महिन्यांत त्यात चिकट साका तयार होऊन कार्ब्युरेटरची छिद्रे बुजतात. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे दमट किनारपट्टीवर टाकीत पेट्रोल ठेवून वर्षभर पडून राहिलेले यंत्र ऐन वादळात सुरू न होण्याची शक्यता अधिक असते. निवडलेले यंत्र अशा पेट्रोलसाठी योग्य असल्याची खात्री उत्पादकाच्या पुस्तिकेतून करून घ्यावी. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. धातूच्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात ते २५ लिटरपेक्षा जास्त नसावे.

एलपीजी वर्षानुवर्षे खराब होत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. वादळानंतर पेट्रोल पंपच विजेअभावी बंद पडतात, तेव्हा घरातील भरलेला सिलिंडर उपयोगी येतो. मात्र स्वयंपाकघरातील १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर जनरेटरला जोडणे नियमबाह्य आहे. तो स्वयंपाकासाठीच वापरण्याचे बंधन आहे. त्याऐवजी तेल कंपन्यांचे वितरक आणि काही पेट्रोल पंपांवर खुल्या बाजारदराने मिळणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर किंवा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. ही सोय गावात नसेल, तर दुसऱ्या इंधनासाठी मोजलेली जादा रक्कम वाया जाते.

एलपीजीवर त्याच यंत्राची क्षमता पेट्रोलच्या तुलनेत सुमारे १० टक्क्यांनी घटते, हेही लक्षात ठेवावे. परदेशी यंत्रासोबत आलेली नळी व रेग्युलेटर भारतीय सिलिंडरच्या झडपेला बसेलच असे नाही. स्थानिक कारागिराकडून पेट्रोलच्या यंत्रावर गॅस किट बसवून घेणे धोक्याचे असून त्यामुळे वॉरंटीही संपुष्टात येऊ शकते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत आणि खोलगट भागात साचतो. सिलिंडर त्यामुळे नेहमी उभा, हवेशीर जागी आणि यंत्राच्या उष्ण भागांपासून दूर ठेवावा.

भार : कागद-पेन्सिल घेऊन हिशेब

एका मध्यम घराच्या निकडीच्या गरजा पाहू. ७५ वॅटचे तीन पंखे २२५ वॅट घेतात, ९ वॅटचे सहा एलईडी दिवे ५४, राउटर १०, टीव्ही सुमारे ८० आणि फ्रिज सुमारे १५०. एकूण भार ५१९ वॅट होतो. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तीन ते पाच पट वीज ओढतो. चौपट धरल्यास त्या क्षणी एकूण भार ९७० वॅटच्या आसपास जातो. थोडी सवड आणि एलपीजीवरील घट जमेस धरता अशा घराला दीड ते दोन किलोवॅट सतत क्षमतेचे यंत्र पुरेसे होते.

पाण्याचा पंप आला की हे गणित बदलते. १ अश्वशक्तीचा पंप चालू असताना सुमारे १ ते १.१ किलोवॅट घेतो आणि सुरू होताना त्याच्या तिप्पट किंवा अधिक. दोन किलोवॅटच्या यंत्रावर तो सहसा उचलला जात नाही. वादळाची पूर्वसूचना मिळताच टाकी भरून ठेवणे हे मोठे यंत्र घेण्यापेक्षा स्वस्त पडते. गिझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र या यादीतून वगळणेच शहाणपणाचे. खोक्यावर ठळक छापलेला आकडा अनेकदा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. खरेदी मात्र ‘सतत क्षमता’ पाहून करावी. आकडा केव्हीएमध्ये असल्यास त्याचे किलोवॅट किती होतात, हे विचारावे.

खर्च आणि बॅटरीची जोड

सुमारे दोन किलोवॅटचे इन्व्हर्टर जनरेटर पाव भारावर तासाला अर्ध्या लिटरच्या आतबाहेर पेट्रोल घेते. याचा अर्थ एका युनिट विजेमागे जवळपास एक लिटर पेट्रोल, म्हणजे शंभराच्या आसपास रुपये. पूर्ण भारावर हे प्रमाण बरेच सुधारते. एलपीजीवर पाव भाराने ५ किलोचा सिलिंडर साधारण १५ तास चालतो. नळाच्या पाण्यासारखी वापरता येईल इतकी ही वीज स्वस्त नाही.

त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, त्यांनी दोहोंची सांगड घालावी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट वीज साठवते. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. दिवसा जनरेटरवर फ्रिज थंड करून घेताना सोबत बॅटरी भरावी आणि रात्री पंखे-दिवे बॅटरीवर चालवावेत. इंधनात बचत होते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील माणसे झोपलेली असताना इंजिन बंद राहते.

आवाज आणि नियम

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. उत्पादक जाहिरातीत देतात तो ५० ते ६० डेसिबलचा आकडा बहुधा कमी भारावर आणि सात मीटर अंतरावरून मोजलेला असतो. दोन यंत्रांची तुलना करताना भार आणि अंतर समान आहे का, हे पाहावे. जनरेटरच्या उत्सर्जनासाठी केंद्राचे सुधारित निकष १ जुलै २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांची पूर्तता दर्शवणारी पट्टी यंत्रावर आहे, याची खात्री करावी.

घराच्या वायरिंगशी जोडणी

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर भिंतीतील सॉकेटमध्ये खुपसून घरभर वीज खेळवण्याचा प्रकार सर्रास चालतो. अशा वेळी मुख्य स्विच चालू राहिला तर वीज उलट दिशेने बाहेरच्या तारांत जाते आणि रोहित्रातून तिचा दाब अनेक पटींनी वाढतो. वादळानंतर खांबावर चढलेल्या वायरमनचा त्याने जीव जाऊ शकतो. परवानाधारक वीजतंत्रीकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घेणे हाच मार्ग आहे. तोवर उपकरणे जाड वायरच्या एक्स्टेन्शनने थेट यंत्राला जोडावीत.

शिबिरासाठी नेताना

डोंगराळ भागात यंत्राची ताकद विरळ हवेमुळे कमी होते. दर ३०० मीटर उंचीमागे साधारण साडेतीन टक्के. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये ही घट एकतृतीयांशाहून अधिक असते. एलपीजीतील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूपात येणे थांबते. म्हणून हिमालयातील थंडीत पेट्रोलच भरवशाचे ठरते, तर कोकण-गोव्याच्या उष्ण हवेत गॅस सुरळीत चालतो. रेल्वेतून पेट्रोल किंवा गॅस सिलिंडर नेण्यास मनाई आहे. वनक्षेत्रात जनरेटर लावण्यापूर्वी वन विभागाची परवानगी विचारून घ्यावी.

खरेदीपूर्वी

दुकानात यंत्र दोन्ही इंधनांवर सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा. तेल कमी होताच बंद पडण्याची सोय, जवळचे सेवा केंद्र आणि सुट्या भागांची उपलब्धता यांची चौकशी करावी. पहिले ऑइल साधारण २० तासांनंतर आणि पुढे दर १०० तासांनी अथवा पुस्तिकेप्रमाणे बदलावे. वापर नसताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे ठेवावेत आणि महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे यंत्र भारासह चालवावे. इंधन भरताना इंजिन बंद करून ते थंड होऊ द्यावे.

घराबाहेर २० फुटांवर पावसापासून आडोसा असलेली पण चहूबाजूंनी मोकळी जागा, नियमात बसणारा सिलिंडर आणि हिशेबाने काढलेला भार, या तीन गोष्टी जुळत असतील तरच हे यंत्र घ्यावे. त्यांपैकी जागेची अट पूर्ण होत नसेल, तर बाकी दोन्हींचा विचार करण्याचे कारण उरत नाही.