फिल्म, कॅमेरा आणि सांभाळणे : सावेदादा, फाळके, कोल्हापूर आणि अंजनवेलचे एक कपाट

#इतिहास #धागा

१/ दाभोळच्या खाडीच्या मुखाशी, दक्षिण काठावर अंजनवेल आहे. तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून घेतलेला गोपाळगड याच गावाच्या माथ्यावर उभा आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आजोबांचा ‘आग्फा क्लिक-३’ घेऊन तिथे आजीची छायाचित्रे काढली. बारांपैकी बारा फ्रेम भरल्या. रोल कॅमेऱ्यातच ठेवून मी पुण्याला परतलो आणि तो धुवून घ्यायचे विसरलो. कॅमेरा चामडी केसात, आजीच्या लाकडी कपाटात अख्खा पावसाळा राहिला.

२/ दिवाळीत कपाट उघडले. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. फ्लॅशगनमधले सेल फुटून पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरे क्षार साचले होते. रोल धुतल्यावर बारांपैकी तीनच फ्रेम स्वच्छ निघाल्या. बाकीच्यांवर डाग होते आणि मागच्या कागदावरील आकडे चित्रांत उमटले होते. दोष सर्वस्वी माझा. मात्र त्यातून एक प्रश्न पडला : ज्यांच्याकडे शीतपेटी नव्हती, वीज नव्हती, त्यांनी याच हवेत फिल्म आणि कॅमेरा कसा सांभाळला? हा धागा त्याविषयी आहे.

३/ आरंभ मुंबईत होतो. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. त्या वेळी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी इंग्लंडमधील रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डन येथे एक कुस्ती चित्रित केली. ती फिल्म धुण्यासाठी बोटीने इंग्लंडला पाठवावी लागली. न धुतलेली फिल्म आठवडेच्या आठवडे समुद्राच्या दमट हवेत! माझ्या कपाटातील रोलची अवस्था पाहिल्यावर या प्रवासातील धोका खरा कळतो.

४/ १९०१ च्या अखेरीस केंब्रिजचे ‘सीनियर रँग्लर’ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले. त्यांचे मुंबईतील स्वागत सावेदादांनी चित्रित केले. भारतीयाने टिपलेल्या पहिल्या वार्तापटांत त्याची गणना होते. परांजपे मूळचे मुर्डीचे. मुर्डी दापोली तालुक्यात आहे आणि अंजनवेलच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे दिसतो तो दापोली तालुकाच. त्या पटातील माणूस आमच्या समोरच्या काठावरचा होता. तो पट आज पाहता येत नाही.

५/ १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके लंडनला गेले. प्रवासासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या होत्या. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. १ एप्रिलला फाळके परतले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि प्रती छापण्याचे यंत्र इंग्लंडहून मागवलेले होते. यंत्रे आल्यावर जे काम सुरू झाले ते घरातच, बायकामुलांच्या साथीने.

६/ कच्ची फिल्म बिनछिद्रांची येत असे. ती काळोखात यंत्रातून सरकवून दोन्ही कडांना छिद्रे पाडावी लागत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे, म्हणजे फुटामागे १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती सुमारे ३७०० फूट. हिशेब केला तर एका प्रतीसाठी चार लाख त्र्याहत्तर हजार छिद्रे होतात! एक छिद्र चुकले तरी फिल्म अडकते आणि फाटते. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म कॅमेऱ्यात भरणे, धुणे, जुळवणे हेही त्यांनी आत्मसात केले. दिवसभर घरची माणसे नि कलावंत यांचा स्वयंपाक करून रात्री त्या काळोख्या खोलीत बसत.

७/ आता ऊर्जेचा प्रश्न. या कॅमेऱ्याची ‘बॅटरी’ म्हणजे माणसाचा दंड. बाजूचे हँडल एकदा फिरवले की साधारणतः आठ फ्रेम सरकत. सेकंदाला दोन फेरे घेतले की सोळा फ्रेम. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावू लागत आणि हात घाईला आला तर ती रेंगाळत. म्हणून जुने छायालेखक मनात ठेका धरून हँडल फिरवीत. कोरड्या हवेत हात फार वेगाने फिरला तर घर्षणाने स्थिर वीज निर्माण होई आणि फिल्मवर विजेच्या फांद्यांसारखे डाग उमटत.

८/ प्रकाशाची ऊर्जा सूर्याची होती. उन्हाचा झोत कलावंतांच्या चेहऱ्यावर वळवण्यासाठी सरस्वतीबाई तासन्‌तास पांढरी चादर धरून उभ्या राहत. ढग आले की चित्रण थांबे. त्याआधी फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट केला होता. कुंडीतील वाटाण्याचे रोप, हललेला नसलेला कॅमेरा आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम, असे महिनाभर. कॅमेरा हाताळण्याची शिस्त म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

९/ कोल्हापूरची गोष्ट आणखी निराळी. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी प्रोजेक्टरचा अभ्यास करून स्वतःच कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी दादासाहेब मिस्त्री यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला. १९२० मध्ये पडद्यावर आलेला ‘सैरंध्री’ महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. ज्याने यंत्र स्वतः घडवले त्याला त्याची प्रत्येक खोड ठाऊक असते. आज आपण बिघडलेले यंत्र टाकून देतो. तेव्हा ते उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. सूर्यावरचे अवलंबित्व तिथून सैल होऊ लागले.

१०/ या साऱ्या काळात कॅमेऱ्याच्या पोटात एक अत्यंत ज्वालाग्राही पदार्थ असे. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. तोफेच्या बारीसाठी वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनची ही जवळची बहीण. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असतो. त्यामुळे तिची आग वाळूने वा घोंगडीने गुदमरत नाही आणि पाण्याखालीही ती जळत राहते. दमट, उष्ण जागी ती स्वतःच कुजते : आधी पिवळी पडते, मग चिकट होते, फेस धरते आणि अखेर तिची तपकिरी भुकटी होते. कुजताना निघणारा वायू ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतो आणि शेजारची रिळेही खातो.

११/ ४ मे १८९७ रोजी पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि १२६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जगभर नियम कडक होत गेले. भारतात १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. आपण त्याला सेन्सॉरचा कायदा म्हणून ओळखतो. चित्रपटगृहांना परवाना आणि प्रेक्षकांची सुरक्षितता हा त्याचा दुसरा पाय होता.

१२/ मग बोलपट आले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. ध्वनीसाठी वेग अचूक हवा : सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. दंडाच्या ठेक्यावर हे शक्य नव्हते. हँडलची जागा विजेच्या मोटरने घेतली. मोटरची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आवाजबंद आवरणात कोंडावा लागला. बाहेर फिरणाऱ्या वार्तापटवाल्यांनी मात्र चावीच्या स्प्रिंगवर चालणारे कॅमेरे पुढे कित्येक वर्षे वापरले. त्यांचा एक नियम आजही लागू आहे : काम संपले की स्प्रिंग पूर्ण सैल होऊ द्यावी, ताणलेली ठेवू नये.

१३/ १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, फाळके कुटुंबीयांकडूनही, रिळे गोळा केली. तोवर फार उशीर झाला होता. तेराशेच्या आसपास मूकपट भारतात निघाले असे मानतात. त्यांपैकी अगदी मोजके उरले. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिले व शेवटचे अशी दोन रिळे आहेत आणि तीही १९१७ च्या पुनर्चित्रणातील असावीत असे काही अभ्यासक म्हणतात. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातील नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची मूळ रिळे जळाली. अनेकांच्या प्रती आधी सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या, म्हणून ते चित्रपट आपण आज पाहू शकतो.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? साधने काळामुळे नष्ट होतात असे आपण सहज म्हणतो. बहुतेकदा ती उष्णता, ओलावा आणि विस्मरण या तिघांमुळे नष्ट होतात. तिघांवरही उपाय आहेत. म्हणून आता थोडे घरातल्या कपाटाविषयी.

१५/ कॅमेरा : हवेतील आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला बळ मिळते. कोकणातला पावसाळा त्याच्या कितीतरी वर असतो. चामडी केस ओलावा धरून ठेवतो. पावसाळ्यात कॅमेरा त्यातून काढून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. रंग बदलणारे दाणे ओले झाले की मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून, फिल्म नसताना, शटर चालवून पाहावे. बुरशी फार दिवस राहिली तर काचेवरील लेप कायमचा खरवडते. खाऱ्या वाऱ्यात, गोपाळगडासारख्या जागी वापरल्यावर बाहेरचा भाग जरा ओलसर, मग कोरड्या फडक्याने पुसावा.

१६/ सेल : वापर संपला की काढून ठेवावेत. अल्कलाइन सेलमधून झिरपते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते त्वचेला व डोळ्यांना घातक आहे, म्हणून हातमोजे घालावेत. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर व्हिनेगर घेऊन क्षार काढावेत आणि जागा पूर्ण कोरडी करावी. १९६०-७० च्या दशकांतील अनेक कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागत. ते आता मिळत नाहीत. १.५५ व्होल्टचा सेल घातला तर प्रकाशमापक चुकू शकतो. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल त्याच्या जवळ जातो. आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश कधीही उघडू नये. सेल काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

१७/ फिल्म : कोरी फिल्म हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर काही तास तशीच ठेवून मग डबा उघडावा, नाहीतर तिच्यावर दव धरते. काढलेला रोल शक्य तितक्या लवकर धुवावा. एखाद्या जुन्या वाड्यात १९५० च्या आधीच्या ३५ मिलिमीटर फिल्मचे डबे सापडले, तर उन्हात ठेवू नका, जवळ आग आणू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

१८/ आजोबांचा क्लिक-३ बडोद्यात तयार झालेला. त्याला स्वतःला सेल लागतच नाही. भिंग पुसून तो पुन्हा चालू झाला. फ्लॅशगन मात्र गेली. आजी आता नाही. त्या तीन फ्रेमपैकी एकीत ती गोपाळगडाच्या तटाजवळ उभी आहे आणि उन्हामुळे तिने पदर कपाळावर ओढून घेतला आहे. उरलेल्या नऊ फ्रेममध्ये काय होते ते मला आठवते, पण दाखवता येत नाही. सावेदादांच्या परांजप्यांचेही तसेच झाले.

१९/ आपल्या घरात एखादा जुना कॅमेरा असेल तर आज रात्री तो उघडून पाहा. आत सेल आहेत का? रोल आहे का? काय सापडले ते या धाग्याखाली जरूर कळवा. पुढील धागा : सरस्वतीबाई फाळके.