कर्जत-184 ची गोष्ट

कर्जत म्हटलं की बाहेरच्या माणसाला फार्महाऊस आठवतं, नाहीतर स्टेशनवरचा वडापाव. कोकणातल्या शेतकऱ्याला मात्र कर्जत म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचं नाव. कर्जत-3, कर्जत-7, कर्जत-184. पळसदरी-खोपोलीकडच्या आपल्या पोरांना हे नाव कुठून आलं ते ठाऊक नसतं, म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, वाचा.

कर्जतला 1919 पासून भात संशोधन केंद्र आहे. सुरुवातीचं काम सोपं वाटेल असं होतं. शेतकऱ्याच्या भातातून चांगली लोंबी निवडायची, तिचं बी वेगळं पेरायचं, पुन्हा निवडायची. आपल्याकडचे कोळंबा, झिन्या हे बारीक तांदूळ असेच निवडून शुद्ध केले गेले. कोळंबा-540 त्यातलाच. खायला उत्तम, पण रोप उंच. खत घातलं की आणखी वाढायचं आणि परतीच्या पावसात लोंबीसकट आडवं व्हायचं. म्हणजे जास्त खत देऊन जास्त पिकवायची वाटच बंद!

साठच्या दशकात तैवानचा टायचुंग नेटिव्ह-1 भारतात आला. बुटका, खत पचवणारा, उभा राहणारा. उत्पन्न भरघोस. पण दाणा जाड, चवीला कोणी नाव काढणार नाही, आणि रोगाला लगेच बळी पडणारा. 1965-66 च्या दुष्काळात देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता, तेव्हा चवीचं कोण विचारतो? तरी कर्जतच्या केंद्राने विचारलं. त्यांनी टायचुंगचा कोळंबा-540 शी संकर केला.

हा संकर करतात कसा? भाताचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि सकाळी तास-दोन तासच उघडतं. म्हणून आदल्या संध्याकाळी एकेका फुलाचं टोक कात्रीने छाटायचं, आतले सहा परागकोष चिमट्याने काढायचे, लोंबीला कागदी पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग तिच्यावर झटकायचे. मग पुढच्या सहा-सात पिढ्या पेरत, बघत, टाकून देत जायचं. शंभरातली नव्वदच्या वर रोपं टाकूनच द्यावी लागतात. हे काम बातमीत येत नाही, आम्हा पत्रकारांनाही त्यात फोटो सापडत नाही.

1971 साली कर्जत-184 आला. हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा, बुटका. पण जुन्या लोकांची तक्रार होती, ती खोटी नव्हती. बुटक्या भाताचा पेंढा कमी. गुरांना काय घालायचं आणि पडवी कशाने शाकारायची? उत्पन्नाचा हिशेब मांडताना हा पेंढा कागदावर कधी आलाच नाही.

टोमॅटोचीही अशीच गत झाली. सगळी फळं एकसारखी लाल दिसावीत म्हणून पैदासकारांनी वर्षानुवर्षं एक गुण निवडला. त्यापायीच फळातली साखर कमी झाली, हे 2012 मध्ये उघड झालं. रंग मिळाला, चव गेली. कोळंबा सोबत घेतला नसता तर आपल्याही ताटात नुसता जाडा भात उरला असता.

पुढे 1998 मध्ये याच केंद्रातून सह्याद्री हा संकरित वाण निघाला. उत्पन्न जास्त, पण त्याचं घरचं बी पुढच्या वर्षी चालत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कर्जत-184 चं बी कणगीत ठेवता येतं. दोन्हींत फरक आहे, आणि मला विचाराल तर तो फार मोठा फरक आहे.

आता जमिनीचं बघा. लोकलच्या खिडकीतून जिथे भाताची खाचरं दिसायची, तिथे प्लॉटचे बोर्ड आणि कुंपणं. उद्या नवा रोग आला किंवा पावसाने तऱ्हा बदलली तर संकराला पुन्हा जुनाच वाण लागणार. शीतगृहात बी राहील, नाही म्हणत नाही. पण शेतात दरवर्षी पाऊस आणि कीड सोसणारं बी वेगळं.

कर्जत-खालापुरात कोळंबा, झिन्या अजून कोणी घरापुरता तरी लावतं का? गावाचं नाव आणि शेवटचा कधी लावला होता, तेवढं खाली लिहा. मी स्वतः येऊन बघतो.