एकसष्टच्या आधीचा कागद

जातीचा दाखला आणि पुढे त्याची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, काढायचं, तर यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला आधी आपलं कुटुंब एका ठरावीक दिवशी इथेच राहत होतं हे दाखवावं लागतं. अनुसूचित जमातींसाठी तो दिवस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. सरकारी भाषेत हा मानीव दिनांक. परदेशात वास्तव्याचा परवाना मागणाऱ्याची जी तपासणी होते, तीच इथे पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राबलेल्यांची होते. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो, त्रुटी निघते, ती पुरी केली की दुसरी निघते, आणि प्रकरण नेमकं कोणत्या टेबलावर अडलंय हे अर्जदाराला कुणी सांगत नाही. याचं खापर कारकुनांच्या सुस्तीवर फोडलं जातं. सुस्ती खरीच आहे, पण दुखणं तिच्याहून जुनं आहे. या जिल्ह्यावर आलेल्या प्रत्येक राजवटीने लोकांच्या नोंदी स्वतःच्या गरजेपुरत्या ठेवल्या. आणि त्या अपुऱ्या दप्तराची उणीव आजचं सरकार अर्जदाराच्या माथी मारतं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९०५ च्या फेररचनेत वाशिम जिल्हा मोडला, तेव्हा पुसद तालुका यवतमाळला आला. १९५० मध्ये हा मुलूख मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. पैनगंगेच्या पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचीच सत्ता होती. या सगळ्या काळात महसुली दप्तराला एकाच माणसाची काळजी होती: सारा भरणाऱ्या खातेदाराची. डोंगरकपारीच्या पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, राहणाऱ्या कोलामाचं नाव त्यात यावं कुठून? बंजाऱ्यांची गत याहून वेगळी नव्हती. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे त्यांचे तांडे रेल्वेने बसवले. १८६७ साली रूळ नागपूरपर्यंत पोचले आणि तो धंदा बुडत गेला. तांडे स्थिरावले, तरी अनेक तांड्यांना स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नव्हता, म्हणून माणसांची नोंद शेजारच्या गावाच्या नावाखाली झाली. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवरचं एक सविस्तर जुनं टिपण लिहिणारे कंबरलेज हे वाशिमचे पोलीस अधीक्षक होते, यावरूनच कोणत्या खात्याची नजर त्यांच्यावर होती ते कळतं. पुसदच्या तांड्यातून आलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्याच तालुक्यातल्या भूमिहीन बंजाऱ्याला आजही १९६१ च्या आधीचा कागद शोधत फिरावं लागतं.

भूमिहीनाचा आधार म्हणजे कोतवाल बुक आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदी. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधलं हे रजिस्टर उघडलं की तारीख, बापाचं नाव, जात आणि गाव असे रकाने दिसतात. बाळाच्या नावाच्या जागी पुष्कळदा नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं, कारण बारशाआधीच वर्दी दिलेली असे. मग बापाला चार मुलगे असतील तर हा त्यातला कोणता, हे शाळेच्या दाखलखारीजवरून जुळवा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तोही दुवा तुटतो. काही पानं मोडीत आहेत, त्यांचं लिप्यंतर करून घ्यायचं. कुठे बंजाऱ्यासाठी ‘लमाण’ लिहिलेलं असतं, कुठे ‘वंजारी’; आणि वंजारी हा आज यादीत वेगळा समाज आहे. लिहिणाऱ्याला यावर कधी कुणाचं शिक्षण किंवा नोकरी ठरेल याची कल्पना नव्हती. त्याने ऐकलं तसं लिहिलं.

जमातींच्या बाबतीत तर कायद्यानेच ही अडचण वाढवली. स्वातंत्र्यानंतरच्या यादीत या जिल्ह्यातल्या केळापूर, वणी आणि यवतमाळ या तहसिलींपुरतीच गोंड, कोलाम, आंध यांना अनुसूचित जमात मानलं होतं. पुसदचा आंध किंवा दारव्ह्याचा गोंड त्यात बसतच नव्हता. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठली. त्याआधी ज्या तहसिलीत जमातीला सवलतच नव्हती, तिथे मास्तरांनी जमात काटेकोर लिहावी असं काहीच कारण नव्हतं. नेमका तोच कागद आज निर्णायक ठरतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने रूढी-परंपरांची चाचणी ही एकमेव कसोटी नाही असं सांगितलं. हे योग्यच झालं, पण त्यामुळे संविधानपूर्व कागदाचं वजन आणखी वाढलं.

यावर आक्षेप येतो तो बोगस आदिवासींचा, आणि तो खोटा नाही. खऱ्या आदिवासींच्या जागा इतरांनी लाटल्या, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्या आणि दक्षता पथकांची चौकट घालून दिली, आणि पुढे राज्याचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याच्या कलम ८ नुसार दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. पण ही कडक अट कुणाला जाचते ते पाहा. ज्याच्या घरी जमीन आणि शाळा तीन पिढ्यांपासून आहे, त्याच्याकडे कागदांची चळत असते. खोटा दावा करणाराही पैशाच्या जोरावर कागद उभे करतो. रिकाम्या हाताने समितीसमोर जातो तो पोडावरचा माणूस, ज्याच्या जमातीबद्दल गावात कुणालाही शंका नसते. दुसरा मुद्दा सीमेचा. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, इकडे तेच बंजारा विमुक्त जातींत. तेव्हा एका राज्याचा लाभ दुसऱ्यात नेता येऊ नये म्हणून तारीख हवी, हे मला मान्य आहे. मात्र वास्तव्याची शहानिशा गावात जाऊन करता येते, आणि दक्षता पथक त्यासाठीच आहे.

राहता राहिला प्रश्न, जुनी दप्तरं सरकारने स्वतः चाळावीत हे शक्य आहे का? २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांनीच रेकॉर्ड रूममधली रजिस्टरं पानोपान तपासली, मोडीचे जाणकार बसवले आणि सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. ज्या कोतवाल बुकांची नक्कल काढायला अर्जदाराला खेपा घालाव्या लागत, तीच पुस्तकं काही महिन्यांत खुली झाली. तेव्हा केळापूर, झरी-जामणी आणि मारेगावच्या कोलामांसाठी, पुसद-दिग्रसच्या तांड्यांसाठी याच कोतवाल बुकांतल्या नोंदी गावनिहाय शोधून जाहीर कराव्यात, आणि जिथे पान फाटलंय किंवा रजिस्टरच नाही तिथे नोंद उपलब्ध नाही हे सरकारने लेखी द्यावं, म्हणजे गहाळ दप्तराचा दोष अर्जदाराच्या फाइलवर त्रुटी म्हणून चढणार नाही.