लावलेलं रान कुणाचं?

सुगी उरकली की बचतगटाची सहल निघते. पुण्याच्या स्वारगेटवरून महाबळेश्वरची एसटी धरायची. कात्रज, खंबाटकी, वाई मागं टाकून गाडी पसरणीचा घाट चढते आणि पाचगणीला उंच, सरळसोट झाडं दिसू लागतात. वाऱ्यानं पान उलटलं की खालची बाजू चांदीसारखी चमकते. हे सिल्व्हर ओक. बघून वाटतं, किती जुनं रान हे! पण हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. इथं ते माणसानं आणून लावलं.

दांडेघर, गोडवली, आंब्राळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांमधली जागा म्हणून हिचं नाव पाचगणी. महाबळेश्वरला इंग्रज उन्हाळ्यात राहायचे, पण तिथला पाऊस झेपायचा नाही. बारमाही राहता येईल अशी जागा त्यांना हवी होती. १८६०च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं इथं वसाहत उभी केली आणि परदेशी झाडं आणून लावली. सिल्व्हर ओक त्यातलंच. त्याच सुमारास महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सरकारनं सिंकोना लावून पाहिला. हिवतापावरचं क्विनाइन या झाडाच्या सालीपासून मिळतं. निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोना जगला, इथं मात्र तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

रानाची राखण करण्यासाठी सरकारनं माणूस नेमला होता तो त्याच्याही आधी. दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, असं ते सांगत. ते खरंच होतं. पण पुढं १८६५चा आणि मग १८७८चा वनकायदा आला. राखीव रानात गुरं चारणं, लाकूड तोडणं गुन्हा ठरला. कालपर्यंत जी मोळी आपली होती, ती आता चोरीची झाली.

आपल्या पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात हे गाऱ्हाणं मांडलं आहे. थोडकी जमीन असलेला कुणबी पूर्वी डोंगरात गुरं चारून, रानातली फळं खाऊन, लाकूडफाटा विकून तगून राहायचा. जंगलखात्यानं तो आधार काढून घेतला, असं त्यांनी लिहिलं. त्या घरातली चूल कोण पेटवत होतं आणि सरपणाला कोण जात होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून रान बघायला गेलात की नुसते फोटो काढून परतू नका. हे झाड कुणी लावलं आणि कुणासाठी लावलं, हे विचारा. महाबळेश्वरच्या जुन्या रानात जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा ही झाडं आहेत. जांभूळ पाखरंही खातात, लेकरंही खातात. हिरडा औषधाला जातो. अंजनीच्या मोहरावर मधमाशा येतात. सिल्व्हर ओक सावली देतो, वारा अडवतो, पण गुरांच्या दावणीला तो फारसा उपयोगी नाही.

आता कायदाही थोडा वळला आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानं पिढ्यान्‌पिढ्या वनावर जगणाऱ्या गावांना मध, बांबू, हिरडा अशा गौण वनोपजावर हक्क मागता येतो. गावच्या वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश बायका असाव्या लागतात. पण नुसतं यादीत नाव असून भागत नाही, बैठकीत बोलावंही लागतं.

पुढच्या पावसाळ्यात ग्रामपंचायत झाडं लावायला काढेल. रोपं आधीच ठरवून आणलेली असतात आणि आपल्याला खड्डे खणायला बोलावतात. यंदा त्याच्या आधीच, उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत जा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आपल्या डोंगरावरच्या जुन्या झाडांची नावं लिहून न्या आणि ती यादी सगळ्यांसमोर वाचून दाखवा.